दाराचा सिनेमा

हलवा ढवळायला घेतला की आधी दंड दुखतो, मग मनगट, आणि दोन्ही दुखायचे थांबले की समजायचं, आता चीक भांड्याच्या कडा सोडणार. नव्याच्या सणाला आमच्याकडे हा हलवा लागतोच. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध. ठाण्याला असताना नारळ घरी खवला जायचा, इथे मँचेस्टरला मी डबा फोडते. आज सकाळी डबा फोडला, वास स्वयंपाकघरभर झाला. मागच्या दाराच्या काचेला ओली पिवळी पानं चिकटलेली दिसली आणि मला एकदम ती पानगळ आठवली. माझ्या मुलीच्या, ओराच्या लग्नाची.

नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. फार पूर्वी अलिबागजवळच्या किनाऱ्याला आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं म्हणतात. वाचले ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पोथ्या समुद्रात गेल्या, प्रार्थना विस्मरणात गेल्या, पण सण राहिले. त्या सणांना मराठी नावं पडली. नव्याचा सण झाला की थोड्या दिवसांनी येतो दारफळणीचा सण. त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, उपास धरायचा, पांढरं नेसायचं, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारं सताड उघडी, आणि ज्याने त्याने उठून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचं, दानधर्म करायचा, भांडण असेल तर तेही तिथेच मिटवून टाकायचं.

इथे मँचेस्टरच्या प्रेस्टिच भागात ज्यूंना तोटा नाही. कोशर, म्हणजे धर्माच्या नियमाने केलेल्या पदार्थांची, बेकरी आहे, खाटीक आहे, शनिवारी टोपी घालून चालत निघालेली कुटुंबं आहेत. हेच सण तेही पाळतात, त्यांच्या नावांनी. पण त्या गर्दीत माझं सावळं तोंड आणि झिराडकर आडनाव पाहिलं की कुणीतरी गोड आवाजात विचारतंच, "आणि तुम्ही धर्म कधी बदललात?" सुरुवातीला मी कोकणापासून सगळा इतिहास सांगत बसायचे. पुढे कंटाळले. आता नुसतं सांगते, "तुमच्या आधी." बरेच जण हसतात. जे हसत नाहीत, त्यांच्याशी माझी मैत्री होत नाही.

ओराचं डॅनियलशी ठरलं त्या उन्हाळ्यात आम्ही घरी मलिदा केला. शुभ गोष्ट ठरली की प्रेषित एलियाहूचे आभार मानायचे, ही आमची रीत. मोठं ताट घ्यायचं, त्यात भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची. भोवती खजूर आणि फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. घरातल्या पुरुषाने हिब्रू प्रार्थना म्हणायच्या, त्याही आमच्या कोकणातल्या चालीत. मग सगळ्यांनी प्रसादासारखं वाटून खायचं. एलियाहू येऊन जातो असा आमचा विश्वास आहे, आणि माझा तर फारच आहे, कारण मलिद्यानंतर आमच्या घरातली पुष्कळ अडलेली कामं झालेली मी पाहिली आहेत.

त्या मलिद्याला डॅनियलची आजी आली होती. फ्रीडा तिचं नाव, पण सगळं प्रेस्टिच त्यांना बूबा म्हणतं, बूबा म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. ठेंगणी बाई, पाठ सरळ, डोक्यावर टोपी, ओठांना लिपस्टिक नीट लावलेली. डॅनियलची आई तो लहान असतानाच गेली. वडील दुसरं लग्न करून निघून गेले. त्याला वाढवलं ते या बूबांनी. त्या आमच्या कोचावर काठी टेकून बसल्या, ताटाकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं. माझे यजमान शालोम ताट उचलून प्रार्थना म्हणत होते तेव्हा त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. शेवटी एक द्राक्ष खाल्लं आणि म्हणाल्या, "व्हेरी कलरफुल, डियर." या देशात इतकी वर्षं काढल्यावर त्या शब्दांचा अर्थ मला समजायला हवा होता. मी मात्र हरखून त्यांना डबा भरून दिला.

दोन दिवसांनी ओरा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. इथेच वाढलेली मुलगी, तिचं मराठी ऐकलं की माझ्या बहिणी ठाण्याला फोनवर खळखळून हसतात. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

"आई, बूबाला वाटतो की ती ताट पूजा आहे. म्हणजे, लाइक, आयडॉल वर्शिप. ती म्हणते, दीज आर नॉट अवर पीपल. शी वोन्ट कम टू द वेडिंग."

"डॅनियल काय म्हणतो?"

"तो म्हणतो, शी ब्रॉट मी अप. तिच्याशिवाय मी हुपाखाली उभा नाही राहणार. वेट करूया म्हणतो."

हुपा म्हणजे लग्नाचा चांदवा. दारफळणीनंतर येणारा मांडवाचा सण झाला की लगेचचा रविवार ठरला होता, हॉल ठरला होता, ठाण्याहून बहिणींची तिकिटं काढून झाली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, थांबायचं म्हणजे किती? म्हातारीचं मन बदलेपर्यंत, की म्हातारी जाईपर्यंत? हे मी मोठ्याने बोलले, आणि ओरा रडली. मला त्या बाईचा राग आला होता हे खरं. पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. जिथे आम्ही कुणी नव्हतो त्या कोकणात आम्हाला कुणी परकं म्हटलं नाही. इथे आमच्याच माणसांत आल्यावर ते ऐकायला मिळालं.

बूबांचा आणखी एक संसार होता. मुका सिनेमा. त्यांचे वडील पोरसवदा वयात पूर्व युरोपातून बोटीने आलेले, शिंपीकाम करत. संध्याकाळी मात्र जुन्या ज्यू वस्तीतल्या सिनेमाघरात पडद्याशेजारी उभे राहून पाट्या वाचत. मुक्या सिनेमात मधेमधे लिहिलेल्या पाट्या येतात, त्या इंग्रजीत. समोर बसलेल्या आयाबायांना इंग्रजी वाचता यायचं नाही. मग हा माणूस त्या पाट्या मोठ्याने, यिडिशमध्ये, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, रडून-ओरडून सांगायचा. आपल्याकडेही पूर्वी असे पाट्या वाचून दाखवणारे असायचे, हे मी ठाण्यातल्या जुन्या लोकांकडून ऐकलं होतं. वडिलांच्या आठवणीखातर बूबा दर वर्षी मांडवाच्या सणाच्या मधल्या दिवसांत एकच ठरलेला मुका सिनेमा दाखवायच्या. वृद्धांच्या डे सेंटरचा हॉल, एक पियानो, आणि पडद्याशेजारी उभ्या राहून पाट्या वाचणाऱ्या स्वतः बूबा. प्रेस्टिचच्या म्हाताऱ्या मंडळींचा तो वर्षातला मोठा कार्यक्रम.

त्या वर्षी नव्याच्या सणाआधीच त्यांना खोकला झाला आणि आवाज पार बसला. कार्यक्रम रद्द करायची वेळ आली. तेव्हा आमच्या भाबड्या डॅनियलने सुचवलं, "ओराची मम कीर्तन करते. तिचा आवाज खणखणीत आहे."

बूबा म्हणाल्या म्हणे, "करू दे. आमच्या लोकांची गोष्ट तिला कितपत समजते ते तरी बघू."

आणि हे जसंच्या तसं त्या मुलाने आम्हाला येऊन सांगितलं, वर हसून, जणू निमंत्रणपत्रिका आणली. मी म्हटलं, "सांग त्यांना, येते."

कीर्तन हे आमचं फार जुनं वेड. ज्यूंचं कीर्तन म्हटलं की मराठी माणूसही चमकतो, मग इंग्रजांचं काय घेऊन बसलात. पण आमच्याकडे अब्राहामाची, मोशेची, एस्तेर राणीची कथा मराठी कीर्तनातच ऐकवायचे, हार्मोनियम आणि झांजांवर. माझी दीनाआत्या ठाण्याला बायकांचं कीर्तन मंडळ चालवायची. पांढरं नऊवारी, हातात झांजा, आवाज असा की मागच्या ओळीतल्या डुलक्या घेणाऱ्या बायका दचकून सरळ बसायच्या. मी तिच्या मागे उभी राहून टाळ धरायचे. कार्यक्रम झाल्यावर ती रिक्षात मला समजावायची, "रिबका, लोकांना आधी हसवायचं. मग रडवायचं. घरी पाठवताना मात्र परत हसवूनच पाठवायचं. रडत घरी गेलेली बाई पुढच्या वेळी येत नाही." ही शिकवण मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीसेक वर्षं नोकरी करताना फारशी वापरली नाही. पण ती कुठे गेलीही नव्हती.

डॅनियलने सिनेमा लॅपटॉपवर आणून दिला. सुरुवातीचा तुकडा गेलेला, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. डे सेंटरातले सगळे त्याला दाराचा सिनेमा म्हणायचे. गरीब वस्तीतला एक शिंपी बाप. त्याची दाढी इतकी उघड चिकटवलेली की एका प्रसंगात ती एका बाजूने सुटते आणि तो बिचारा हाताने धरून रडतो. त्याची बायको, आणि एकुलती एक मुलगी. तिला आवडतो एक तरुण, कुठल्यातरी लांबच्या देशातून आलेला. तो म्हणतो, मी ज्यूच आहे. बाप त्याला आपादमस्तक न्याहाळतो आणि पाटी येते: तू आमच्यातला नाहीस. मुलगी त्याच्याशीच लग्न करते. मग बाप कोट फाडतो, आरशावर चादर टाकतो, जमिनीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसतो. जिवंत मुलीचं सुतक धरतो.

पहिल्यांदा पाहताना मी खूप हसले. हात कपाळावर, मग छातीवर, मग आभाळाकडे. डोळे तर असे फिरवतात की आपलेच दुखायला लागावेत. आणि मग लक्षात आलं, दीनाआत्या याहून काय वेगळं करायची? तिचाही हात कपाळावर जायचा, छातीवर जायचा, आभाळाकडे जायचा. मागच्या बाईपर्यंत दुःख पोचवायचं तर ते मोठं करूनच पाठवावं लागतं. त्यानंतर मला हसू आलं नाही. त्या सुतकाच्या प्रसंगाला तर मी लॅपटॉप मिटून बागेत जाऊन उभी राहिले.

सिनेमाचा शेवट असा. पुष्कळ वर्षं जातात. उपासाचा दिवस, म्हणजे आमची दारफळणी. संध्याकाळ होत आलेली, सगळीकडे बर्फ. मुलगी आपल्या लहानग्याला घेऊन बापाच्या दारात येते आणि ठोठावते. आत बाप दचकतो. उठतो. कडीवर हात ठेवतो. आणि तिथे फिल्म खराब झाली आहे. डाग उसळतात, पडदा पांढरा होतो, संपलं. पुढचा तुकडा कुणालाच सापडलेला नाही. डे सेंटरात दर वर्षी म्हणे इथे टाळ्या वाजतात आणि चहा येतो.

सिनेमाचं कीर्तन करायचा माझा बेत शालोमना समजला तेव्हा ते घाबरले. "अगं, नुसतं वाच. पाट्या वाच आणि खाली बस. उगाच त्या बाईला आणखी निमित्त कशाला?"

"अहो, नुसतं वाचायचं तर रेडिओवरची बाई बोलवा म्हणावं."

"पण त्या चिडल्या तर लग्न लांबेल."

"लांबलंच आहे. आता माझ्या गप्प बसण्याने ते जवळ येणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी पाहते तर माळ्यावरून झांजा काढून चिंचेने घासत बसले होते. पस्तीस वर्षांच्या संसारात मला त्यांचा इतका अभिमान क्वचित वाटला असेल.

ते दिवस मला अजून वासासकट आठवतात. विटांच्या घरांच्या मागच्या अंगणांतून लाकडी मांडव उभे राहिलेले, त्यांवर हिरव्या फांद्यांचं छप्पर. माणसं कोट-मफलर गुंडाळून त्या मांडवात बसून सूप पितात, कारण सणात तिथेच जेवायचं असतं. वरून पाऊस पडतो आणि सुपाचं पाणी होतं, पण कुणी उठत नाही. ट्रॅमच्या रुळांवर पानांचा लगदा. शेजारच्या घरातून महाळुंगासारख्या मोठ्या लिंबाचा वास, तो सणाला हातात धरतात. मी त्या पानांतून चालत चालत मनातल्या मनात चाली बसवायचे. ट्रॅमच्या स्टॉपवर ओवी गुणगुणताना एकदा एका बाईने माझ्याकडे पाहून बाकावरची पिशवी हळूच जवळ ओढून घेतली. घरी ओरा लग्नाच्या साडीच्या खोक्याला हात लावत नव्हती. ते खोकं जिन्याखाली तसंच पडून होतं, आणि येता जाता मला दिसत होतं.

कार्यक्रमाच्या दुपारी मी पांढरी साडी नेसले. हॉल भरलेला. मांडीवर ब्लँकेट घेतलेले आजोबा, विणकाम घेऊन आलेल्या आज्या, कोपऱ्यात चहाची ट्रॉली. पियानोवर लेनर्ड नावाचे सुकलेले, हसरे गृहस्थ. त्यांच्या पियानोशेजारी माझी हार्मोनियम, मागे झांजा धरून शालोम, त्यांचा चेहरा दात काढायला आल्यासारखा. पहिल्या रांगेत मधोमध बूबा. गळ्याला मफलर, हाताची घडी, मांडीवर काठी. त्यांच्या शेजारी डॅनियल आणि ओरा, एकमेकांकडे न बघता बसलेले.

मी झांजांच्या तालावर नमन म्हटलं तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "इज दिस द राइट डे?" पण पडद्यावर बाप आला, दाढीसकट, आणि मी इंग्रजीत म्हटलं, "या गृहस्थांची दाढी पाहा. मुलीआधी तीच घर सोडून जाणार आहे." एक आजोबा फसकन हसले. मग दुसरे. मग दाढी खरंच सुटली आणि सगळा हॉल हसला. लेनर्डनी माझी चाल पकडली, पियानो आणि हार्मोनियम एकमेकांना खुणावू लागले. गोष्ट मी इंग्रजीत सांगत होते, दुःख आणि आनंद मराठीत गात होते. शब्द समजत नव्हते तरी विणकामाच्या सुया थांबल्या. हसल्या नाहीत त्या फक्त बूबा.

कीर्तनात श्रोत्यांनी साथ द्यायची असते. यांना मराठी धृपद कुठून येणार? मी त्यांना एवढंच सांगितलं, "मी हात वर केला की खुर्चीच्या हातावर ठोठावायचं. ठक ठक." म्हातारी माणसं लहान मुलांसारखी खूश झाली. तरुण पहिल्यांदा मुलीच्या घरी येतो, ठक ठक. मुलगी लग्नानंतर आईला चोरून भेटायला येते, ठक ठक. बाप दार लावून घेतो. तू आमच्यातला नाहीस ही पाटी आली तेव्हा ती मी गायले नाही. नुसती वाचली, हळू. आणि पुढची पाटी येईपर्यंत गप्प राहिले. सुतकाच्या प्रसंगाला शालोमनी झांजा अगदी हलक्या एकमेकींवर टेकवल्या. मागे कुणीतरी नाक ओढलं.

मग बर्फ आला, संध्याकाळ आली, मुलगी दारात आली. बापाने कडीवर हात ठेवला. डाग उसळले. पडदा पांढरा झाला. मशीनजवळचा माणूस बंद करायला वाकला, चहाची ट्रॉली हलली.

मी म्हटलं, "राहू दे चालू."

पांढरा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता. मी हार्मोनियमवर एकच सूर धरून ठेवला आणि सांगायला लागले. आमच्या कोकणात या दिवशी आम्ही दारं लावून घ्यायचो. आमच्याजवळ तुमच्यासारख्या पोथ्या नव्हत्या. कुठली प्रार्थना कधी म्हणायची ते सांगणारं कुणी नव्हतं. आठवत होतं एवढंच की आज दार लावायचं आणि उद्या उघडायचं. दुसऱ्या दिवशी एकही दार बंद राहायचं नाही, वैऱ्याचंही नाही. आणि आम्हाला आठवत होता एक पाहुणा. तुम्हालाही आठवतो. वल्हांडणाच्या सणाच्या रात्री त्याच्यासाठी तुम्ही द्राक्षारसाचा पेला भरून ठेवता, मुलांना सांगता, जा, एलियाहूसाठी दार उघड. मूल उघडतं, बाहेर कुणी नसतं, फक्त मँचेस्टरचा वारा आत येतो. तरी पुढच्या वर्षी तुम्ही परत उघडता. आमच्या कोकणात द्राक्षं नव्हती. पोहे होते, नारळ होता. म्हणून त्याच्यासाठी आम्ही ते ताट मांडलं, आणि अजून मांडतो. आता दारात कोण आहे? मुलगी आहे, तिच्या कडेवर नातू आहे. आणि तिच्या मागे बर्फात तो उभा आहे. मुलीला बाहेर ठेवून त्याला एकट्याला आत कसं घेणार?

मी हात वर केला.

कुणीही ठोठावलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते, त्या रिकाम्या पांढऱ्याकडे. माझा हात वरच. मला वाटलं, संपलं, फसलं, आता उद्या बहिणींना फोन करून सांगावं लागणार, येऊ नका. आणि पहिल्या रांगेतून आवाज आला. काठीचा, जमिनीवर. ठक. मग परत, जोरात. ठक.

बूबांची मान ताठ होती. ओठ घट्ट मिटलेले. काठी परत उचललेली.

त्यानंतर सगळा हॉल ठोठावू लागला. खुर्च्यांवर, टेबलांवर, कपबश्यांवर चमच्यांनी. मी ओरडले, "काढली! बापाने कडी काढली!" मराठीतच ओरडले, आणि ते त्या हॉलमध्ये न कळणारं कुणी नव्हतं. शालोमनी झांजा अशा वाजवल्या की खिडक्या थरथरल्या, लेनर्ड पियानोवर लग्नाची धून वाजवू लागले, एक आजोबा उठून ब्लँकेटसकट नाचले. मी गात होते आणि मला माझाच आवाज दीनाआत्याचा वाटत होता. असं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं, सांगते खरं.

चहाच्या वेळी बूबांनी मला बोटाने जवळ बोलावलं. आवाज नव्हताच, नुसती घरघर.

"ते ताट. ते त्याच्यासाठी होतं?"

"त्याच्यासाठीच."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, बूबा?"

त्यांनी खडीसाखरेसारखी घशाची गोळी तोंडात टाकली. मग मला कान जवळ आणायला लावून म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी हा सिनेमा पुरा पाहिला होता. शेवटी बाप दार उघडत नाही. पडद्यावर बंद दार दिसतं आणि पाटी येते, दार उघडलं नाही. बास. माझे वडील ती पाटी कधी वाचायचेच नाहीत. ते ओरडायचे, उघडलं, उघडलं! बायका आनंदाने रडत घरी जायच्या."

"आणि ज्यांना इंग्रजी वाचता यायचं ते?"

"ते गप्प बसायचे," बूबा म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. त्यांचे सगळे दात दिसले. "इतकी वर्षं मी त्या पांढऱ्या पडद्यापुढे नुसती उभी राहिले. माझ्याने त्यांच्यासारखं ओरडवलं नाही."

लग्नाला येते असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

आता हलवा कडा सोडायला लागला आहे. मघाशी बूबांचा फोन येऊन गेला. नव्वदीच्या पुढे गेल्या, पण फोनवर अजून नमस्कार-चमत्कार नाही. "झाला का हलवा? बदाम जास्त घाल." मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध आम्हा ज्यूंना चालत नाही, पण नारळाचं दूध असल्यामुळे हा हलवा मटणाच्या जेवणानंतरही चालतो, हे त्यांना समजल्यापासून आमच्या हलव्याचं प्रेस्टिचमध्ये फार कौतुक झालं आहे. यंदाही मांडवाच्या सणात दाराचा सिनेमा आहे. दर वर्षी असतो. दुसरा दाखवला तर लोक तक्रार करतात. म्हातारी मंडळी आता हात वर व्हायची वाटही बघत नाहीत.

लग्न झालं, ठरल्या रविवारी झालं. हुपाखाली डॅनियलच्या एका बाजूला बूबा उभ्या होत्या, मेंदीने रंगलेला हात काठीवर ठेवून. ओराची साडी, ठाण्याच्या बहिणींचे हुंदके, रीतीप्रमाणे नवऱ्यामुलाने पायाखाली फोडलेला पेला, सगळं आठवतं. पण ही पानं काचेला चिकटली की मला आधी आठवते ती त्याच्या आदल्या आठवड्यातली सकाळ.

लग्नाआधीचा मलिदा मांडला होता. पोहे भिजले होते, फळं लागली होती, शालोम डोक्यावर टोपी घालून ताटासमोर उभे. डॅनियल खिडकीशी, सारखा रस्त्याकडे बघत होता. "सुरू करूया का?" शालोम म्हणाले. मी म्हटलं, जरा थांबा. आणि तेवढ्यात बेल नाही वाजली. दारावर काठी वाजली. ठक ठक.

मी धावत जाऊन दार उघडलं. पायरीवर बूबा. टोपी, लिपस्टिक, मफलर. काखेत शेंडीसकट एक नारळ.

"चीटम हिलच्या एशियन दुकानातून आणला," त्या म्हणाल्या. आवाज परत आला होता, चांगलाच. "तो दुकानदार मला विचारतो, पूजेला का, मॅडम? मी त्याला झापलं. म्हटलं, काहीतरीच काय! एलियाहूसाठी आहे."

मी त्यांच्या हातातला नारळ घेतला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. बूबा मला बाजूला सारून सरळ ताटाकडे गेल्या. बाहेरून गार वारा आला, त्याच्याबरोबर चारदोन पिवळी पानं पॅसेजमध्ये आली.

"अगं, दार लाव," आतून शालोम ओरडले, "हीटिंग चालू आहे!"

"असू दे," मी म्हटलं. "राहू दे उघडं."